फटफटीची परीक्षा

(रात्रीच्या साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज आपल्याला अक्षरं गिरवायची नाहीत. आज मी फळ्यावर एकच आकडा काढला आहे. पाहा बरं, ओळखीचा वाटतो का? मागून कोणी तरी म्हणालं, "इंग्रजी आठ." बरोबर. आपला मराठी आठ नव्हे हं! आपला आठ एका बाजूने उघडा असतो. हा इंग्रजी आठ वरखाली बंद आहे आणि मध्ये कमरेत आवळलेला आहे. मोटारसायकलच्या परीक्षेला जमिनीवर जो आठ आखतात तो हा. तिथे कोणी मराठी आठ गिरवायला गेला, तर तो गाडीसकट मैदानाबाहेर जाईल.

हसलात, बरं वाटलं. पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या वर्गातल्या एका ताई गेल्या आठवड्यात तालुक्याला परिवहन खात्याच्या शिबिराला गेल्या होत्या. पक्क्या परवान्याची परीक्षा द्यायला. त्या आठात त्यांचा पाय खाली टेकला. साहेबांनी नापास केलं. त्यांना विचारूनच मी हे तुम्हाला सांगतो आहे. त्यांची अडचण अशी. घरधनी कामाला बाहेरगावी. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागतं. जाताना एस. टी. मिळते, येताना मिळत नाही. दारात गाडी उभी आहे, पण तिच्यावरची धूळ पुसण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. आणि शिकाऊ परवान्याची मुदत संपायला आता दीड महिना उरला आहे.

नापास होऊन त्या बाहेर आल्या, तर एक गृहस्थ त्यांना भेटले. म्हणाले, "बाई, कशाला त्रास घेता? मला इतके इतके द्या. आठबिठ काही काढायला नको. परवाना पोस्टाने घरी येईल." ताई मला विचारायला आल्या, "गुरुजी, काय करू?"

मी त्यांना लगेच उत्तर दिलं नाही. म्हटलं, वर्गात सांगतो, म्हणजे सगळेच ऐकतील. इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी बिनपरवान्याची गाडी चालवतात, हे मला ठाऊक आहे. खाली बघू नका.

आधी माझीच गोष्ट सांगतो.

मी १९८७ साली एक जुनी राजदूत घेतली. शाळा घरापासून चार कोसांवर होती, सायकलने जीव मेटाकुटीला येई. परवान्यासाठी एका मध्यस्थाला पैसे दिले. त्याने दोन कागदांवर सह्या घेतल्या. मी परीक्षेच्या मैदानाचं तोंडही पाहिलं नाही. परवाना हातात आला आणि मला वाटलं, आपण चालक झालो. मुलांना शाळेत सांगायचो, कॉपी करून पास होऊ नका. आणि मी स्वतः काय केलं होतं?

चार वर्षं काही झालं नाही. सरळ रस्त्यावर गाडी कोणालाही चालवता येते. १९९१ च्या मे महिन्यात आम्ही एका लग्नाहून परत येत होतो. आमच्या सौ. मागे बसल्या होत्या. वळणावर कोणाच्या तरी बांधकामाची वाळू रस्त्यावर सांडली होती. गाडीला वेग नव्हता. माणूस पळत जाईल तेवढाच. मी वाळू पाहिली आणि तिच्याकडेच पाहत राहिलो. हॅण्डल वळलेलं होतं, आणि तशात मी घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. पुढचं चाक सर्रकन निसटलं. मला खरचटलंही नाही. सौ. उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं. हाड बसलं, पण नीट बसलं नाही. आजही भाकरी थापताना त्या मध्येच थांबतात, हात झटकतात आणि पुन्हा थापायला लागतात. तेहतीस वर्षांहून अधिक काळ मी ते रोज पाहतो आहे. त्या मला एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवाना माझ्या खिशात होता, पण गाडी मला येत नव्हती.

गावात एस. टी. चे एक चालक राहत असत. त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, तुम्हाला हळू चालवता येते का?" मला वाटलं, थट्टा करताहेत. म्हटलं, "हळूच तर चालवतो." ते म्हणाले, "उद्या बाजारतळावर या. चालत्या बैलाच्या बरोबरीने गाडी चालवून दाखवा. पाय टेकायचा नाही." मी गेलो. वीस पावलांत मी तीनदा पाय टेकला!

मंडळी, परीक्षेतलं खरं मर्म इथेच आहे. लहानपणी आपण सायकलची रिंग काठीने पळवत असू. ती पळते तोवर उभी राहते. वेग कमी झाला की डगमगते आणि आडवी होते. मोटारसायकलचं तसंच आहे. वेगात ती बरीचशी स्वतःच उभी राहते. हळू चालली की तिला उभं ठेवण्याचं काम तुमच्यावर येतं. पोरं मला म्हणतात, "गुरुजी, मी ऐंशीने जातो, मला कसली परीक्षा?" अरे बाबा, ऐंशीने गाडी जाते. तू नुसता वर बसलेला असतोस. साहेब ऐंशी पाहत नाहीत, दहा पाहतात. आणि वाळू, शेण, वळण, अंगावर येणारं कुत्रं, शाळेतून सुटलेलं मूल, या सगळ्यांशी गाठ पडते तेव्हा उपयोगाला ते दहाच येतात.

आता आठ कसा काढायचा ते सांगतो. इथे जरा सावकाश ऐका.

पहिली गोष्ट क्लच. क्लच म्हणजे इंजिन आणि मागचं चाक यांच्यामधलं दार समजा. डाव्या हाताची दांडी पूर्ण आवळली की दार बंद. इंजिन फिरेल, पण त्याचा जोर चाकाला पोचणार नाही. दांडी पूर्ण सोडली की दार सताड उघडं. आणि अर्धी सोडली की दार किलकिलं. थोडाच जोर पुढे जातो. हळू चालवायचं म्हणजे हे दार किलकिलं ठेवायचं. याला सगळे हाफ क्लच म्हणतात, आपणही तेच म्हणू. गाडी पहिल्या गिअरमध्ये. उजव्या हाताने रेस थोडी आणि एकसारखी. कमीजास्त करायची नाही. वेग वाढला असं वाटलं तर रेस सोडू नका, उजव्या पायाने मागचा ब्रेक हलकेच दाबा. पापड भाजताना निखाऱ्यावर हात जसा बेताने ठेवतो, तितक्याच बेताने. वेग कमी झाला असं वाटलं तर क्लच केसभर सोडा. म्हणजे रेस जागच्या जागी, आणि खेळ डाव्या हाताचा नि उजव्या पायाचा.

आठातल्या वळणावर पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. का, ते मी तुम्हाला सांगितलंच. सरळ, कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबताना पुढचा ब्रेक फार मोलाचा, कारण ब्रेक लागला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि ते चाक जमिनीला घट्ट धरतं. पण हॅण्डल वळलेलं असताना, वाळूवर, चिखलावर तोच ब्रेक घात करतो.

दुसरी गोष्ट नजर. त्या चालकांनी मला विटा मांडून आठ करून दिला होता. मी पहिल्या विटेकडे पाहिलं आणि गाडी विटेवर गेली. दुसऱ्यांदा ठरवलं की विटेवर जायचं नाही, म्हणून अधिकच रोखून पाहिलं. पुन्हा विटेवर! ते म्हणाले, "गुरुजी, वीट काय पाहता? जिथे जायचं आहे तिथे पाहा." म्हणजे अर्धं वळण घेतानाच मान पुढच्या अर्ध्या वळणाकडे फिरवायची. नुसते डोळे नाहीत, मान. हनुवटी खांद्याजवळ आली पाहिजे. आधी भीती वाटते की खाली काय आहे ते दिसणार नाही. पण विहिरीवरून डोक्यावर हंडा घेऊन येणारी बाई पायाकडे पाहत नाही. ती वाट पाहते, पाय आपोआप पडतात. गाडीचंही तेच. मी जेव्हा वाळूकडे पाहत राहिलो, तेव्हाच वाळूत गेलो.

ताई, तुमचा पाय का टेकला, ते मला मैदानावर न येताही सांगता येईल. तुम्ही चुन्याच्या रेघेकडे पाहत होतात. हो ना?

तिसरी गोष्ट अंगाची. गुडघे टाकीला लावून बसा. कोपर सैल. हॅण्डल लोंबकळण्यासाठी नसतं. सगळा भार ढुंगणावर आणि पायदाणीवर, हातावर नाही. पाय पायदाणीवर ठेवा. बरेच जण सुरुवातीपासूनच पाय खाली लोंबते ठेवतात, पडलो तर टेकू म्हणून. लोंबता पाय तोल सांभाळत नाही, बिघडवतो. आणि मागचा ब्रेक मग कशाने दाबणार?

सराव करताना एकदम लहान आठ काढू नका. आधी सरळ रेघ. चुन्याची रेघ ओढा आणि तिच्यावरून जितकं हळू जाता येईल तितकं हळू जा. जो सर्वांत उशिरा पोचेल तो जिंकला. आम्ही सायकलच्या मंद शर्यती घेत असू, तशीच ही. ते जमलं की मोठा गोल, आधी डावीकडून, मग उजवीकडून. प्रत्येक माणसाला एक बाजू सोपी जाते नि एक अवघड. अवघड बाजूला दुप्पट वेळ द्या. लोक उलटं करतात, जे येतं तेच पुन्हा पुन्हा करून खूष होतात. पाढ्यांचंही तुम्ही असंच करता, बेचा पाढा शंभरदा आणि सोळाचा नावालाही नाही. मग दोन गोल एकमेकांना जोडा, की आठ झाला. दर दोन दिवसांनी विटा एकेक पाऊल आत सरकवा. परीक्षेच्या आठापेक्षा तुमचा आठ लहान झाला, की परीक्षेचा आठ तुम्हाला अंगणासारखा मोठा वाटेल.

आठ म्हणजेच परीक्षा असं मात्र समजू नका. नियमात पुष्कळ गोष्टी लिहिल्या आहेत. चालू करण्याआधी आरसे नीट केले का, गाडी धक्का न देता सुटली का, गिअर क्रमाने वर नेले नि खाली आणले का, वळताना इशारा दिला का, एकदम थांबायला सांगितलं तर थांबता आलं का, रस्त्यावरच्या खुणा पाळल्या का. चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणं हेही त्यात आहे. ते अवघड वाटतं, पण युक्ती एकच. डावा पाय जमिनीवर, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. क्लच हळूहळू सोडायचा. इंजिनाचा आवाज जड झाला, गाडी पुढे सरकायला धडपडू लागली की मग ब्रेक सोडायचा. त्याआधी नाही.

चांगले चांगले गडी कशात मार खातात, सांगू? साइड स्टॅण्ड वर न करता निघतात. आरशात पाहतात, पण निघताना मान वळवून मागे पाहत नाहीत. आरशाला सगळं दिसत नसतं. इशारा देतात आणि वळण संपल्यावर बंद करायचं विसरतात. मोटारीतला इशारा वळण संपलं की बहुधा आपोआप बंद होतो, आपल्या दुचाकीचा बहुतेक वेळा हाताने बंद करावा लागतो. उजवीकडे वळण्याचा दिवा लुकलुकत ठेवून तुम्ही सरळ चाललात, तर मागचा माणूस फसतो. आणि हेल्मेट नुसतं डोक्यावर ठेवतात, पट्टा बांधत नाहीत. बिनपट्ट्याचं हेल्मेट पडताना तुमच्याआधीच निघून जातं. हेल्मेट घ्याल ते आय. एस. आय. खुणेचं घ्या. २०२१ च्या जूनपासून त्या खुणेशिवायचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे. रस्त्याकडेला टोपलीत मांडलेली असतात ती टोपीपेक्षा बरी नव्हेत.

हाताच्या खुणाही विचारतात. उजवा हात सरळ बाहेर म्हणजे उजवीकडे वळणार. तोच हात पसरून, तळवा खाली करून वरखाली हलवला म्हणजे वेग कमी करणार. कोपरातून हात सरळ वर उभा केला म्हणजे थांबणार. पण उजव्या हातातच रेस असते नि पुढचा ब्रेकही असतो. हात काढला की रेस बंद होते, गाडी डुलते. म्हणून हे घरी, सरळ रस्त्यावर, आधी करून पाहिलेलं असावं. साहेबांपुढे पहिल्यांदा करू नये.

आता थोडं गणित करू. गणिताशिवाय मला चैन पडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ताशी ३६ किलोमीटर वेग धरा. ३६ किलोमीटर म्हणजे ३६,००० मीटर. तासाची सेकंदं ३,६००. भागाकार करा. किती आले? दहा. म्हणजे दर सेकंदाला दहा मीटर. आपली ही खोली सहा मीटर लांब आहे. "अरे बाप रे" म्हणेपर्यंत, ब्रेकला बोट लागण्याच्या आत, गाडी ही खोली ओलांडून व्हरांड्यात गेलेली असते. आणि वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यापासून थांबायला जागा दुप्पट लागत नाही, चौपट लागते. दोनचा वर्ग चार. तिप्पट केला तर नऊपट. हे ज्याला समजलं त्याला मागच्या माणसाला पुढे जाऊ देण्यात कमीपणा वाटत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण ते कार्यालयातल्या फलकावर आणि सारथी नावाच्या सरकारी स्थळावर लिहिलेलं असतं, आणि तुम्हाला आता वाचता येतं. वाचा. पहिल्यांदा शिकाऊ परवाना. त्याची परीक्षा संगणकावर असते. रस्त्याच्या खुणा आणि नियम यांवर प्रश्न येतात. मराठीतून देता येते. शंभरात साठ बरोबर आले की पास. प्रत्येक प्रश्नाला वेळ मोजका असतो, म्हणून अक्षर लावत बसणाऱ्याची पंचाईत होते. आपल्या ताई जानेवारीत या वर्गाला आल्या त्या मुळी याचसाठी. आधी त्यांनी शेजारच्या मुलाला प्रश्न वाचायला बसवायचं म्हटलं होतं. मी म्हटलं, तो मुलगा रस्त्यावर तुमच्याबरोबर असणार आहे का? तांबड्या कडेच्या त्रिकोणात काय आहे, हे कोण वाचणार? तांबडा त्रिकोण सावध करतो, तांबडा गोल मनाई करतो. ताईंनी आठ आठवडे वाचन केलं आणि ती परीक्षा पहिल्या झटक्यात दिली. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण परवा नापास झाल्यावर त्या स्वतः ते विसरल्या.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. या काळात गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्यावर तांबडा इंग्रजी एल लावायचा. पाटी निदान १८ सेंटीमीटर चौरस हवी. कागदाच्या चिठ्ठीवर पेनने काढलेला एल चालणार नाही. आणि मागे बसायचं ते फक्त शिकवणाऱ्याने, ज्याच्याजवळ स्वतःचा चालू परवाना आहे त्याने. दुसऱ्या कोणी नाही. मुलाला शाळेत सोडायला नाही, बाजारातली पिशवी धरायला नाही. ताई, सासूबाईंनाही नाही. तुम्हाला ते कठीण वाटेल, मला ठाऊक आहे. पण अजून नाही.

ज्या प्रकारच्या गाडीवर परीक्षा द्याल, त्याच प्रकारचा परवाना मिळतो. बिनगिअरच्या स्कूटरवर आठ काढणं सोपं, म्हणून काही जण ती मागून आणतात आणि घरी मात्र गिअरची गाडी चालवतात. तो परवाना गिअरच्या गाडीला चालत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला गिअरची गाडी देऊच नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा पालकाला होते, २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. इथले दोन-तीन बाप आता चुळबुळ करताहेत.

परीक्षेला जाताना शिकाऊ परवाना, गाडीचं नोंदणीपुस्तक, विमा आणि धुराचं प्रमाणपत्र बरोबर असू द्या. दिवे, भोंगा, ब्रेक, दोन्ही आरसे आदल्या दिवशी तपासा. पुष्कळ गाड्यांचे आरसे आपली तरुण मंडळी शोभेसाठी काढून ठेवतात. डोळे काढून ठेवून शोभा कसली येते, हे मला अजून उमगलेलं नाही. गाडी शेजाऱ्याची नेऊ नका, जिच्यावर सराव केला तीच न्या. प्रत्येक गाडीचा क्लच निराळ्या जागी धरतो.

नापास झालात तर काय होतं? काही होत नाही. सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं. कायद्याने माणसाला तीनदा चुकायची सवड दिली आहे. शाळेत आम्ही इतकी देत नव्हतो. परीक्षेची सरकारी फी केंद्राच्या नियमात एका प्रकारच्या गाडीला ३०० रुपये आहे. त्या गृहस्थांनी ताईंना किती सांगितले ते मी इथे बोलत नाही, पण तेवढ्यात ताई पुष्कळदा परीक्षा देऊ शकतील.

काही जण म्हणतील, गुरुजी, परवाना नसला तर दंड भरू. कायद्यात तो ५,००० रुपये आहे. पण दंडावर भागत नाही. बिनपरवान्याच्या चालकाने कोणाला धडक दिली, तर विमा कंपनी जखमी माणसाला पैसे देऊन पुढे ते गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालच्या एका निकालात हे सविस्तर सांगितलं आहे. म्हणजे एका धडकेत शेत जाऊ शकतं. आणि विकत घेतलेल्या परवान्याने शेत वाचेल असं धरलं, तरी मागे बसलेल्या माणसाचं मनगट वाचत नाही. माझ्याजवळ परवाना होता, हे तुम्ही ऐकलंत.

आता माझं उत्तर. ताई, त्या गृहस्थांना पैसे देऊ नका. तुमच्या मागे जी बाई बसणार आहे ती आजारी आहे. दवाखान्यातून परतताना ती दमलेली असणार, तिला धरून बसायलाही जमणार नाही. अशा माणसाला घेऊन जायचं तर हळू चालवता आलंच पाहिजे, खड्ड्यातून अलगद काढता आलीच पाहिजे, पाय न टेकता आणि हिसका न देता. साहेब त्या आठात तेच पाहत होते. त्यांनी तुम्हाला नापास केलं म्हणून मला राग नाही आला. १९८७ साली मला कोणी तरी नापास करायला हवं होतं.

मुदतीला दीड महिना आहे. म्हणजे साधारण सहा आठवडे. पुढचं शिबिर तीन आठवड्यांनी. रोज सकाळी पाऊण तास दिला तर पुरतो. मी स्वतः येईन. पहिले दोन दिवस मी मागे बसेन, मग बाजूने चालेन. चालतच, बरं का, कारण तुम्ही माझ्या बरोबरीने हळू चालवायची आहे. मी पुढे गेलो तर तुम्ही जिंकलात.

उद्या सकाळी साडेसहाला बाजारतळावर या. मंगळवार आहे, बाजार नाही. हेल्मेट आणा, पायात चप्पल नको, बूट घाला. साडीचा पदर आणि ओढणी चाकात जाते, ती खोचून बांधा. आणखी कोणाला यायचं असेल त्यांनी यावं, पण शिकाऊ परवाना दाखवल्याशिवाय मी गाडीला हात लावू देणार नाही. विटा मी आज रात्रीच नेऊन ठेवतो. आमच्या सौ. पण येते म्हणाल्या आहेत. मागे बसायला नव्हे, तसं बसता येतच नाही. विटा सरकवायला कोणी तरी लागेल ना. डाव्या हाताने सरकवीन म्हणाल्या.

आता फळा पुसतो. सोळाचा पाढा उद्या संध्याकाळी.